न्हाणीचं दार आणि हिरवा रंधा

तुमच्या घरात खंडेनवमीला ज्या हत्याराला हळदकुंकू लागतं, त्या हत्यारानं गेल्या वर्षभरात काय काम केलं, हे तुम्ही कधी विचारलंय का? मी आमच्या घरात विचारलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातला ब्रश पुन्हा डबीत बुडवला आणि माझ्याकडे पाठ केली.

ते रंध्याला रंग देत होते. हिरवा ऑइल पेंट. आजोबांच्या हयातीतला विलायती रंधा, अंग लोखंडाचं, मागची मूठ शिसवी. फळीवरून ढकलला की पातळ साल काढायची आणि फळी सपाट करायची, एवढंच त्याचं काम. ते काम करताना मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. मी त्याला फक्त पाटावर बसलेला पाहिला होता, झेंडूच्या माळेखाली. पलूसकडच्या कारखान्यांत दसरा आला की मशीनं रंगवायची पद्धत. धूळ पुसायची, रंग मारायचा, नारळ फोडायचा. अण्णा कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्या खात्यात होते. खात्यात उरलेला रंग डबीत भरून घरी यायचा आणि घरातली हत्यारं रंगायची. लोखंडावर रंग, शिसवी मुठीवर रंग, पात्यावरही रंग. वर्षभर ते गाठोड्यात आणि पुढच्या वर्षी वरून आणखी एक हात.

आणि त्याच अंगणात, रंगाच्या डबीपासून हाकेच्याही अलीकडे, आमची न्हाणी होती. तिला विटांच्या भिंती होत्या, वर पत्रा होता, सागवानी चौकट होती. दार नव्हतं. चौकट अण्णांनीच बसवलेली, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा. दारासाठी मामानं दिलेल्या फळ्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. चौकटीला दोन खिळे आणि खिळ्यांवर पोतं. लाकूडकाम करणाऱ्या माणसाच्या घरातल्या बाया पोत्यामागे आंघोळ करत होत्या.

दुसरा सुतार का बोलावला नाही? आई एकदा म्हणाली होती. अण्णा उसळले होते. "सुतारकी करणाऱ्याच्या दारात दुसरा सुतार? गाव तोंडात शेण घालंल." पत्र्याचं दार लावू म्हटलं तर, "माझ्या घराला पत्रा? मी जिता हाय अजून." म्हणजे दुसऱ्यानं करायचं नाही, स्वतः करायचं नाही, आणि अब्रू मात्र राखायची. कुणाची, ते पोत्यामागच्या बाईला विचारा.

म्हणून आई पहाटे, अंधारात, अंगावर लुगडं ठेवून आंघोळ करायची. लग्न होऊन आल्यापासून. त्या वर्षी नवरात्रात घटापुढं दिवा लावायचा म्हणून ती आणखी लवकर उठली, शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला आणि उजवा हात मोडला. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते, वसतिगृहात राहायचे. दसऱ्याच्या सुट्टीला घरी आले तर आईच्या कोपरापर्यंत प्लॅस्टर आणि अण्णांच्या हातात ब्रश.

वसतिगृहाचं एक सांगते. तिथं पाणी गार होतं, नळाला धार नव्हती, भिंतींना पोपडे होते. पण मोरीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेरच्या मुली दार बडवायला लागल्या. मी बाहेर आले ते भांडतच आले. अण्णांच्या संघटनेच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी मी, खळ कालवून भिंतींवर पत्रकं चिकटवत अक्षरं शिकलेली, माणसाच्या हक्कांची यादी मला पाठ होती. आतून लावायची कडी त्या यादीत कुठंच नव्हती.

"अण्णा, दार कवा करणार?" मी विचारलं.

"हत्यारं पूजेला बसल्यात. दसरा हुंदे."

दसरा झाला. सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या कामगार संघटनेची माणसं अंगणात येऊन बसायला लागली. कारखान्यात बोनसवरून तंटा चालू होता, काम बंद होतं, बैठका सकाळी सुरू व्हायच्या आणि चहावर चहा व्हायचा. आईच्या हातासाठी मी सुट्टी वाढवून घरीच राहिले. तिला आता अंधारात न्हाणीत पाठवणं शक्य नव्हतं. प्लॅस्टरवर पिशवी बांधायची, तिला स्टुलावर बसवायची, डाव्या हाताला तांब्या द्यायचा. हे उजेडातच होणार. वाऱ्यानं पोतं उडायचं. म्हणून मी चौकटीत पाठमोरी उभी राहायचे, दोन्ही हातांनी चादर ताणून धरून. दार म्हणजे मी.

अशी उभी असतानाच एका सकाळी अंगणातून संघटनेच्या अध्यक्षकाकांचा आवाज आला. ते पत्रक वाचत होते. खणखणीत वाचायचे. 'कामगाराची पत्नी ही कामगारच आहे, तिच्या सन्मानाशिवाय आपला लढा अपुरा आहे.' माना डोलल्या असणार. कुणीतरी म्हणालं, "लय भारी लिवलंय." ते मी लिहिलं होतं. माझ्या पाठीमागे माझी आई ओल्या लुगड्यात कुडकुडत पुटपुटत होती, "चादर खाली नको करू गं. त्यो म्हातारा हिकडंच बघत बसलाय."

त्या दुपारी मी देवघराखालचं गाठोडं सोडलं आणि रंधा बाहेर काढला.

"बाईमाणसानं हत्याराला शिवू नये," अण्णा म्हणाले.

"मग गडीमाणसानं शिवावं की. कुणी अडवलंय?"

त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मला काही म्हणजे काही येत नव्हतं. पातं बाहेर निघेना. स्क्रूची खाच रंगानं अशी भरली होती की तिथं खाच आहे हे चाचपून कळावं. दाभणानं रंग टोकरला, रॉकेल सोडलं, दुसऱ्या दिवशी पेचकस बसला. रंग काढायला कॉस्टिक सोडा आणला, घमेल्यात गरम पाण्यात कालवला आणि लोखंडाचे सगळे भाग त्यात सोडले. काठीनं ढवळताना शिंतोडे मनगटावर उडाले, त्याचे डाग अजून आहेत. रंग मात्र सुटला. हिरव्याखाली लाल, लालखाली चंदेरी, चंदेरीखाली पुन्हा हिरवा. एकेका दसऱ्याची एकेक साल. दरवर्षी आईला सांगितलं असणार, दसरा हुंदे.

मग गंज. इथं मी जी चूक केली ती आमच्याकडच्या बाईच्याच हातून व्हावी. तांब्यापितळेची भांडी आम्ही चिंचेनं उजळतो. मी घट्ट चिंचेचं पाणी केलं आणि रंध्याचं अंग रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी बाहेर काढलं तर काळंठिक्कर, आणि बोट फिरवलं की बारीक खड्डे लागत होते. आई पायरीवर बसून बघत होती. "त्यो काय घागर हाय व्हय?" म्हणाली, आणि प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून हसली. तिला हसताना पाहून मला दुप्पट राग आला. तो राग मी विटकरीचा चुरा आणि रॉकेल घेऊन लोखंडावर काढला. खड्डे तसेच राहिले. काळेपणा गेला.

रंध्याचा तळ सपाट नसेल तर तो फळीवर डुगडुगतो आणि भलतीकडेच साल काढतो, हे मला माहीत होतं, कारण अण्णा बैठकीत दाखला म्हणून सांगायचे: संघटनेचा तळ सपाट पाहिजे. तळ घासायला तितकीच सपाट वस्तू पाहिजे. फरशी चालेना, ती मध्ये खोलगट. मग नजर भिंतीवर गेली. तिथं अण्णांचं मानपत्र होतं, कारखान्यात एका समारंभात मिळालेलं, 'कुशल हातांचा गौरव' असं वर लिहिलेलं. मोठी चौकट, जाड काच. मी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, मानपत्र नीट सुरळी करून कपाटावर ठेवलं आणि काच घेतली. काचेवर खळीनं काचकागद चिकटवला, वाळू दिला, आणि त्यावर रंधा मागेपुढे घासायला बसले.

अण्णा बाहेरून आले. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काच कुठं हाय?"

"ही काय."

"माझ्या मानपत्राची काच?"

"कुशल हातांची. आता लागली कामाला."

त्यांचा हात उठला. आई मधे आली नाही. ती बसल्या जागेवरूनच बोलली, आणि तिचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "आवं, मारा की. आनि मग मला आंगुळीला चादर कोन धरनार, तेबी सांगा. अध्यक्षांस्नी सांगताय?"

अण्णांचा हात खाली आला. ते पुन्हा अंगणात गेले आणि बराच वेळ मोठमोठ्यानं बोनसवर बोलत राहिले.

पातं उरलं होतं. त्याची धार म्हणजे गोल झालेला काठ. सायकलवर चाक बांधून फिरणारा धारवाला गावात आला, त्याला दिलं. त्यानं जोरजोरात पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या, पोरं जमली. पातं परत आलं ते काठाला मोरपंखी निळं होऊन. मला ते सुंदर वाटलं. वरून घासायचा दगड पाहिजे म्हणून मी पातं कागदात गुंडाळलं आणि एसटीनं सांगलीला गेले.

हत्यारांच्या दुकानात गल्ल्यावरचा माणूस माझ्या मागं कुणी आहे का बघत होता.

"काय पाहिजे?"

"धार लावायचा दगड. एका अंगानं खरबरीत, दुसऱ्या अंगानं मऊ."

"विळ्याला?"

"रंध्याला."

"कुनाच्या?"

"माझ्या."

तो हसला. शेजारच्या गिऱ्हाईकाला कोपरानं ढोसलं. "आवं बघा, आता पोरी रंधा मारनार. उद्या बैल धरतील." मग माझ्याकडे, "घरातलं गडीमाणूस पाठीव जा. त्याला दाखवतो दगड."

"घरातल्या गडीमाणसाला यळ न्हाई. त्यो स्त्रियांच्या सन्मानावर बोलतोय."

ते त्याला कळलं नाही. मी पातं काढून काउंटरवर ठेवलं आणि तिथून हलले नाही. गिऱ्हाइकं येत होती, माझ्या खांद्यावरून खिळे मागत होती, मी उभी. शेवटी कंटाळून त्यानं पातं उचललं आणि पुन्हा हसायला लागला. "जाळून आनलंस की गं. निळं झालं म्हंजे पानी उतरलं. धार ऱ्हायाची न्हाई, टिकली तर माझ्याकडं ये." त्यानं दगड कागदात बांधला, मी मागितल्या तशा बिजागऱ्या आणि कडी दिली, आणि निघताना म्हणाला, "दार कुठलं? देव्हाऱ्याचं?"

"न्हाणीचं."

या शब्दावर त्यानं पहिल्यांदा हसणं आवरलं आणि मान खाली घालून पैसे मोजायला घेतले. जणू मीच काही घाण बोलले होते.

निळं संपेपर्यंत घासायचं, एवढं मला त्याच्या हसण्यातून समजलं होतं. मी घासत राहिले. सकाळी चादर धरायची, मग पायरीवर बसून दगडावर पातं. तिरकं धरलेलं पातं हातात डुलतं, काठ एकीकडे जास्त झिजतो, मग दुसरीकडे घासा. बोटांची टोकं सोलली. एकदा अध्यक्षकाका चहा पिता पिता म्हणाले, "पोरी, पत्रक लिवायचं बघ की. सोमवारी छापाय द्यायचंय. ह्ये काय घिऊन बसलीस?" मी म्हणाले, "काका, मला शाईचा हात न्हाई आता. बघा." आणि काळे, रक्ताळलेले तळवे त्यांच्या कपासमोर धरले. त्यांनी कप बाजूला नेला.

निळं गेलं. पाठीमागची बाजूही दगडावर सपाट केली. एका दुपारी पात्यानं मनगटावरची लव उडवली. मी रंधा जोडला, फळी ओट्यावर दाबून धरली आणि ढकलला. तो उड्या मारायला लागला. लाकडाचे तुकडेच तुकडे उपटले गेले आणि रंध्याच्या तोंडात भुसा कोंबला गेला. उघडून पाहिलं. पात्यावर जी लोखंडी पट्टी बसते, तिच्या टोकाला अजून जुना रंग अडकला होता, आणि त्या फटीत भुसा शिरत होता. ते खरवडून काढलं. पुन्हा ढकलला. पुन्हा फळी ओरबाडली.

अण्णा खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. किती वेळ, कोण जाणे. शेवटी वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "उलटी मारतीस. लाकडाची रेघ कुनीकडं चढती ती बघ. फळी फिरीव."

"तुमी या की मग."

"मी सांगितलं न्हवं."

सांगितलं. सांगणं हेच त्यांचं हत्यार होतं आणि त्याला गंज कधीच नव्हता. पण मी फळी फिरवली, कारण आईची आंघोळ माझ्या रागापेक्षा मोठी होती. या वेळी रंध्यातून आवाज निघाला, लांब, एकसारखा, आणि तोंडातून साल वर आली, वळत वळत, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता. सागाचा वास सुटला. आईनं ती साल उचलून उजेडात धरली. "ह्यातनं पलीकडचं दिसतंय की," म्हणाली. मी म्हणाले, "सालीतनं दिसूंदे. दारातनं दिसाय नको."

तेच तर सगळं होतं. फळ्या करवतीच्या होत्या, वाकड्या काठांच्या. नुसत्या जोडून ठोकल्या असत्या तर मध्ये बोट जाईल अशा फटी राहिल्या असत्या, आणि फटीसारखं निर्लज्ज दुसरं काही नाही. पोतं निदान उडतं तेव्हा कळतं तरी. मी दोन फळ्यांचे काठ एकमेकांना लावायची, उजेडासमोर धरायची, जिथून उजेड येईल त्याच्या दोन्ही बाजू तासायची. पुन्हा धरायची. कितीदा, विचारू नका. कमरेचा काटा ढिला झाला. आईनं डाव्या हातानं फळ्यांचं दुसरं टोक धरायला सुरुवात केली, आणि मग तीच सांगायला लागली, "हितं अजून येतंय बघ. हितं. न्हाई, जरा खाली." एवढी वर्षं अंधारात आंघोळ केलेल्या बाईला उजेड कुठून येतो ते बरोबर कळत होतं.

मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या. बिजागऱ्या बसवल्या. दार पहिल्यांदा चौकटीत बसेना, खाली घासत होतं; उतरवून खालचा काठ तासला. वरच्या कोपऱ्यात ते थोडं पुढं आलेलं आहे. खड्डे पडलेल्या रंध्यानं फळ्यांवर बारीक रेघा ओढल्या आहेत. मी ते कुणालाही चांगलं दार म्हणून दाखवणार नाही. कडी मात्र आतून बसवली, आणि बाहेरून बसवलीच नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी अंगणात बैठक भरलेली, ऊन चांगलं वर आलेलं. आईनं बंबातलं पाणी बादलीत काढायला लावलं, प्लॅस्टरवर पिशवी बांधून घेतली आणि सगळ्यांच्या समोरून चालत न्हाणीत गेली. मी चादर घेऊन निघाले तर म्हणाली, "तू बस." दार लागलं. कडीचा आवाज झाला. अंगणात बोलणारा माणूस मध्येच थांबला.

मग पाण्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा पाणी, आणि आईचं गुणगुणणं. लुगडं वलणीवर पडल्याचा आवाज आला, आणि मला कळलं की लग्न होऊन आल्यापासून या घरात ती पहिल्यांदाच कपडे उतरवून आंघोळ करते आहे.

"आगं," अण्णांनी हाक मारली, "चा ठीव की. मंडळी खोळंबल्यात."

आतून पाणी ओतल्याचा आवाज तसाच चालू राहिला. अण्णा उठले, न्हाणीपर्यंत गेले. दारावर हात ठेवला. फळ्यांच्या जोडावरून त्यांचं बोट वरून खाली गेलं, आणि ते कुठंही अडकलं नाही. मी पाहत होते. वाटलं, आता काही बोलतील. ते मंडळींकडे वळले आणि म्हणाले, "आज बैठक शाळंच्या वट्ट्यावर घिऊया. उटा." कुरकुर करत सगळे उठले. अध्यक्षकाका म्हणाले, "चा न्हाई व्हय मग?" अंगण रिकामं झालं. आई आत होतीच.

मी याला अण्णांचा मोठेपणा म्हणणार नाही आणि पश्चात्तापही म्हणणार नाही. चौकट बसवल्यानंतर त्या माणसानं इतक्या वर्षांत फक्त माणसं उठवली, तीही दार झाल्यावर. मला ते पुरत नाही. तुम्हालाही पुरू नये.

म्हणून, वाचणाऱ्या भावांनो, माझं एक काम करा. हे वाचून खाली ठेवा आणि तुमच्या घरातल्या बाईला विचारा: तू आंघोळ किती वाजता करतेस, आणि त्याच वेळी का? ती आधी विषय बदलेल. तुम्ही बदलू नका. तिच्या न्हाणीला दार नसेल, किंवा दाराला फट असेल, किंवा कडी बाहेरून असेल, तर या आठवड्यात ते नीट करा. लाकूड नसेल तर पत्रा लावा, येत नसेल तर शिका, शिकायचं नसेल तर येणाऱ्याला बोलवा. आणि तोवर, निदान तोवर, तुमच्या अंगणातली बैठक दुसरीकडे भरवा.